हरपलेली गाथा : आयर्लंडच्या पुराणकथा आणि आजचे ड्रुइड



ज्या पंथाच्या आचार्यांनी आपल्या विद्येचे एक अक्षरही लिहून ठेविले नाही, त्या पंथाचे व्रत आज कोणी घेऊ म्हणेल, तर त्याने वाचावे तरी काय? हा प्रश्न केवळ तर्कक्रीडेचा नाही. इंग्लंड, अमेरिका, आयर्लंड इत्यादी देशांत आज स्वतःस ड्रुइड म्हणविणारे हजारो स्त्री-पुरुष आहेत. ते वृक्षांच्या राईत एकत्र जमतात, ऋतूंचे उत्सव करितात, अग्नी, जल आणि भूमी यांपुढे नम्र होतात. आणि त्यांतील पुष्कळांनी आयर्लंडच्या जुन्या पुराणकथांचे अध्ययन हे आपल्या साधनेचे एक मुख्य अंग मानिले आहे. कथा वाचावी, तीवर चिंतन करावे, ती मुखोद्गत करावी आणि उत्सवाच्या रात्री अग्नीभोवती बसलेल्या मंडळींस ती सांगावी, असा त्यांचा परिपाठ असतो. या अध्ययनाचा इतिहास मोठा विलक्षण आहे. ज्यांनी एक धर्म मागे सारिला, त्यांच्याच लेखणीने त्या धर्माच्या कथा तगल्या, आणि आज त्या धर्माचे नाव घेणाऱ्यांस त्याच लेखणीच्या दारी जावे लागते. हा इतिहास आज आपणांपुढे थोडक्यात मांडावयाचा आहे.

प्रथम प्राचीन ड्रुइडांविषयी. त्यांची सर्वांत विस्तृत हकीगत आपणांस मिळते ती त्यांच्या शत्रूकडून. इ. स. पूर्वी ५८ ते ५० या काळात ज्यूलियस सीझर याने गॉल देश, म्हणजे आजचा फ्रान्स, जिंकिला. आपल्या युद्धवृत्तान्ताच्या सहाव्या खंडात तो सांगतो, की ड्रुइड हे यज्ञयाग चालवीत, तंट्यांचा निवाडा करीत, त्यांना युद्ध व कर या दोहोंचीही माफी असे. मरणानंतर आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो, असे ते शिकवीत. त्यांच्या शिष्यांना फार मोठी पद्यराशी पाठ करावी लागे आणि काहीजण त्यासाठी वीस वर्षे गुरुगृही काढीत. इतर व्यवहारांत हे लोक ग्रीक लिपी वापरीत. परंतु ही विद्या मात्र ते लिहू देत नसत. विद्या सामान्यांच्या हाती पडू नये आणि लेखनाच्या भरवशावर स्मरणशक्ती दुबळी होऊ नये, ही दोन कारणे सीझर आपल्या तर्काने देतो.

आपल्याकडे वेदपाठशाळा अद्याप जिवंत आहेत; पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी ऋचा जशीच्या तशी राखण्याचा खटाटोप आपण जाणतो. म्हणून ड्रुइडांच्या या पद्धतीचे आपणांस नवल वाटणार नाही. परंतु मौखिक परंपरेत एक भय सदैव असते. ती एका पिढीपुरती जरी तुटली, तरी कायमची तुटते. रोमने गॉलमध्ये आणि ब्रिटनमध्ये ती तोडिली. इ. स. ६० च्या सुमारास रोमन सैन्याने वेल्सलगतच्या मोना बेटावर हल्ला करून तेथील ड्रुइडांची पवित्र राई तोडून टाकिली, असे टॅसिटस हा इतिहासकार लिहितो. वीस वर्षे पाठ केलेली ती पद्ये पाठ करणाऱ्यांबरोबरच गेली. त्यांतील एकही ओळ आज कोणापाशी नाही.

आयर्लंडची गोष्ट निराळी घडली. ते बेट रोमन साम्राज्यात कधीच सामील झाले नाही. तेथे पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्म आला तो सेनेबरोबर नव्हे, तर धर्मोपदेशकांबरोबर. ड्रुइडांचा उच्छेद झाला नाही. त्यांचा मान हळूहळू उतरत गेला. सातव्या-आठव्या शतकांतील आयरिश धर्मशास्त्रग्रंथांत ड्रुइड हा केवळ एक जादूटोणा करणारा उरला आहे. मात्र त्याच्या शेजारी बसणारा जो दुसरा विद्वान, ज्यास आयरिश भाषेत 'फिली' म्हणत, त्याची प्रतिष्ठा टिकली. हा राजकवी होता, वंशावळींचा जाणता होता आणि कथांचा कोठारी होता. श्रेष्ठ पदवीच्या फिलीस साडेतीनशे कथा अवगत असाव्यात, असा दंडक जुन्या ग्रंथांत नमूद आहे. त्याने नव्या धर्माशी सख्य केले आणि मठांच्या लेखनशाळांत जुनी कथा व नवी लिपी यांची गाठ पडली.

या लेखनशाळांतून जे ग्रंथ निघाले, त्यांपैकी दोहोंची ओळख करून देतो. पहिल्याचे नाव 'करड्या गाईची पोथी'. क्लॉनमॅकनॉइस येथील मठात इ. स. ११०० च्या सुमारास ती चर्मपत्रावर लिहिली गेली. संत किआरान याच्या लाडक्या गाईच्या कातड्याची ती आहे, अशी आख्यायिका असल्यामुळे तिला हे नाव पडले. तिच्या लेखकांपैकी एक माल मुइरे हा ११०६ साली त्याच मठाच्या मंदिरात लुटारूंच्या हातून मारला गेला. दुसरी पोथी बाराव्या शतकातील 'लेन्स्टरचा ग्रंथ'. पहिली आज डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आहे, दुसरी तेथीलच ट्रिनिटी कॉलेजात.

लेन्स्टरच्या ग्रंथात 'ताइन' नावाची महाकथा आहे. कॉनॉख्टची राणी मेव्ह एका अद्वितीय वळूसाठी अल्स्टर प्रांतावर स्वारी करिते आणि कू खुलिन हा तरुण वीर एकटा तिचे सैन्य अडवून धरितो, हा तिचा विषय. या कथेच्या अखेरीस लेखकाने जे जोडिले आहे, ते या साऱ्या प्रकरणाचे मर्म होय. प्रथम तो आयरिश भाषेत आशीर्वाद देतो, की जो कोणी ही कथा फेरफार न करिता याच रूपात श्रद्धेने पाठ करील त्याचे कल्याण असो. लगेच त्याखाली, लॅटिन भाषेत, तो बजावितो, की या कथेतील गोष्टींवर आपला विश्वास नाही. यात काही सैतानी माया आहे, काही कविकल्पना आहेत, काही संभाव्य आहे, काही असंभाव्य, आणि काही तर मूर्खांच्या करमणुकीसाठीच आहे. एकाच पानावर मातृभाषेतून आशीर्वाद आणि धर्मभाषेतून इशारा! त्या साधूच्या मनात केवढी ओढाताण झाली असेल! पण इशारा देऊनही त्याने पान फाडिले नाही, हे लक्षात ठेवावयास हवे.

या ओढाताणीचे समाधान जुन्या आयरिश कथाकारांनी कथेतूनच शोधिले. बाराव्या-तेराव्या शतकांच्या संधिकालातील एका मोठ्या ग्रंथात, फिन या वीराच्या पथकातील कील्टे नावाचा म्हातारा योद्धा संत पॅट्रिकला भेटतो आणि जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगू लागतो. त्या ऐकण्यात आपली प्रार्थना चुकत तर नाही ना, अशी शंका संताला येते. तेव्हा त्याचे रक्षक देवदूत प्रकट होऊन त्यास अभय देतात आणि म्हणतात, की या गोष्टी लिहून ठेव. पुढील काळच्या सज्जनांचे त्यांनी मनोरंजन होईल.

याहूनही मार्मिक अशी दुसरी एक आख्यायिका आहे. एकदा आयर्लंडच्या कवींना असे आढळून आले, की 'ताइन' आता कोणासही समग्र येत नाही. तिची प्रत एका मोठ्या लॅटिन कोशाच्या मोबदल्यात पूर्वेकडे देऊन टाकिलेली होती. तो कोश म्हणजे सेव्हिलच्या इसिडोरचा व्युत्पत्तिग्रंथ असावा, असे विद्वान मानितात. आयत्या परकी ज्ञानासाठी घरची गाथा गेली! शेन्खान हा कविश्रेष्ठ आपल्या शिष्यांस तिच्या शोधार्थ पाठवितो. वाटेत त्यांना फर्गस या वीराची समाधी लागते. कथेतील प्रसंग ज्याने स्वतः पाहिले, तो हा फर्गस. एक तरुण त्या शिळेजवळ एकटाच बसतो आणि जणू फर्गस समोर आहे असे मानून कवन म्हणतो. तोच दाट धुके पसरते. फर्गस हिरव्या वस्त्रांत प्रकट होतो आणि तीन दिवस तीन रात्री त्यास सारी गाथा ऐकवितो. आजचे ड्रुइड या आख्यायिकेवर फार प्रेम करितात, आणि ते साहजिक आहे. हरपलेली विद्या मिळविण्यासाठी समाधीपाशी जाऊन बसावे लागते, हा तिचा अर्थ त्यांच्या स्थितीस तंतोतंत लागू पडतो.

परंतु मठवासी लेखकांनी कथा राखिल्या, तशा त्या बदलल्याही. अकराव्या शतकात आकारास आलेला 'आयर्लंडवरील स्वाऱ्यांचा ग्रंथ' हा त्याचा ठळक नमुना होय. त्यात आयर्लंडचा इतिहास बायबलातील जलप्रलयापासून आरंभिला आहे, आणि त्या भूमीवर उतरणारी पहिली स्त्री नोआची नात ठरविली आहे. तुआथा दे दानन, म्हणजे दानू देवीचे गण, हे मूळचे देवगण. पण येथे ते विद्याकुशल मानवांची एक टोळी बनून येतात आणि पुढे पराभूत होऊन टेकड्यांच्या पोटात राहावयास जातात. देवांना पूर्वज करून टाकिले, की त्यांची पूजा करावी लागत नाही आणि त्यांना विसरावेही लागत नाही, अशी ही युक्ती होती. तेव्हा आजच्या अभ्यासकास या ग्रंथांतून ड्रुइडांचा शुद्ध स्वर ऐकू येईल हे शक्य नाही. शाई खरवडून खालचा ड्रुइड काढू म्हणाल, तर चर्मपत्रच फाटून जाईल.

आता आधुनिक पुनरुज्जीवनाकडे वळू. त्याचा आरंभ कथांपासून झाला नाही. तो दगडांपासून झाला. विल्यम स्टुकली या इंग्रज पुराणवस्तुप्रेमी गृहस्थाने १७४० साली ग्रंथ लिहून स्टोनहेंज हे ड्रुइडांचे देवालय ठरविले. वस्तुतः तेथील प्रचंड शिळा इ. स. पूर्वी २५०० च्या सुमारास उभारल्या गेल्या. सीझरच्या काळी त्यांना सुमारे अडीच हजार वर्षे लोटली होती. पुढे वेल्समधील एडवर्ड विल्यम्स, ऊर्फ इओलो मॉर्गन्वग, या प्रतिभावान पाथरवटाने १७९२ साली लंडनच्या प्रिमरोज टेकडीवर दगडांचे वर्तुळ मांडून कवींची सभा भरविली आणि हा विधी ड्रुइडांच्या काळापासून अखंड चालत आल्याचे सांगितले. त्यासाठी त्याने जुन्या म्हणून दाखविलेली पुष्कळ पद्ये व वचने स्वतःच रचिली होती. विसाव्या शतकातील वेल्श विद्वानांनी हे साधार उघडकीस आणिले. गंमत अशी, की त्याने रचिलेली एक प्रार्थना आजही अनेक ड्रुइडसभांत म्हटली जाते. ती इओलोची आहे हे जाणून म्हणणे निराळे, आणि ती प्राचीन आहे असे सांगत म्हणणे निराळे. आजच्या ड्रुइडपंथाचा सारा नैतिक प्रश्न या एका भेदात साठविला आहे.

विसाव्या शतकात या पंथाने नवे वळण घेतले. अमेरिकेत मिनेसोटा संस्थानातील कार्लटन कॉलेजात विद्यार्थ्यांवर धार्मिक उपासनेस हजेरी लावण्याची सक्ती होती. १९६३ साली काही विद्यार्थ्यांनी निषेधार्थ, निम्मे थट्टेने, आपला स्वतःचा ड्रुइडपंथ काढिला. पुढल्याच वर्षी सक्ती उठली. पण गंमत अशी, की पंथ काही उठला नाही. थट्टेने राईत गेलेल्या तरुणांना तेथे काही खरे सापडले होते. इंग्लंडात १९६४ साली रॉस निकल्स यांनी एक संघ स्थापिला. त्यात बार्ड, ओव्हेट आणि ड्रुइड अशा तीन पायऱ्या आहेत. ही तीन नावे ग्रीक भूगोलकार स्ट्राबो याच्या वर्णनातून आलेली आहेत. १९८३ साली अमेरिकेत आयझॅक बोनविट्स यांनी तिसरी संस्था काढिली. तिच्या आयरिश नावाचा अर्थ 'आमचे स्वतःचे ड्रुइडपण' असा आहे, आणि तिचा आग्रह असा, की जे इतिहासाने असिद्ध ते प्राचीन म्हणून शिकवू नये. तेथे नव्या साधकास वर्षभराच्या अभ्यासक्रमात उत्सव पाळणे व ध्यान करणे यांबरोबरच विद्वन्मान्य ग्रंथ वाचून त्यांवर परीक्षणे लिहावी लागतात. ग्रंथपरीक्षण हे धर्मसाधनेचे अंग ठरावे, ही घटना धर्मेतिहासात विरळाच म्हणावयास हवी.

हे शक्य झाले ते भाषाशास्त्रज्ञांच्या तपश्चर्येमुळे. प्राचीन आयरिश भाषा दुर्बोध झाली होती. योहान कास्पार झॉइस या जर्मन पंडिताने १८५३ साली केल्टिक भाषांचे व्याकरण सिद्ध करून तिचे कुलूप उघडिले. त्याच्या मागून आलेल्यांत व्हिटली स्टोक्स याचे नाव आपणांस जवळचे वाटावे. डब्लिनचा हा गृहस्थ १८६२ साली हिंदुस्थानात आला आणि १८७७ ते १८८२ पर्यंत व्हाइसरॉयच्या मंडळाचा कायदेविषयक सभासद होता. दिवसा या देशाच्या कायद्यांच्या संहिता रचाव्यात आणि फुरसतीत आयरिश पोथ्यांचे संपादन करावे, असे त्याचे जीवन होते. पॅट्रिक, ब्रिगिड व कोलंबा या संतांवरील मध्ययुगीन आयरिश प्रवचने त्याने १८७७ साली छापविली, ती कलकत्त्यास! ऋणकोच्या दारी उपाशी बसून त्यास लाजविण्याचा जुना आयरिश कायदा आणि आपल्याकडील धरणे यांतील साम्यही त्याच सुमारास, १८७५ साली, हेन्री मेन यांनी जगापुढे मांडिले. ही साम्ये किती खोल जातात, याविषयी सावध राहणेच बरे. परंतु केल्टिक आणि संस्कृत या भाषा एकाच कुलातील आहेत, हे निर्विवाद आहे.

या विद्वत्तेच्या साहाय्याने आजचा साधक कथा कशी वाचितो, हे एका उदाहरणाने पाहू. 'माग तुरेदची लढाई' या कथेत लुग नावाचा तरुण तारा येथील राजवाड्याच्या दारी येतो. द्वारपाल विचारितो, तुला कोणती कला येते? लुग म्हणतो, मी सुतार आहे. सुतार आमच्यापाशी आहे. मी लोहार आहे. तोही आहे. वीर, वीणावादक, कवी, वैद्य, एकामागून एक कला तो सांगतो आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर मिळते. शेवटी लुग विचारितो, या साऱ्या कला एकट्याच्या अंगी असलेला कोणी तुमच्यापाशी आहे काय? तेव्हा दार उघडते.

साधक प्रथम ही कथा कथा म्हणून मनात घोळवितो आणि स्वतःस विचारितो, की मी समाजाच्या दारी उभा राहिलो तर कोणती कला सांगेन? हे चिंतन झाले. मग तो इतिहासाकडे वळतो. ही कथा सोळाव्या शतकातील एकाच हस्तलिखितात उरली आहे. स्टोक्सने ती १८९१ साली प्रथम प्रसिद्ध केली. तिची भाषा मात्र त्याहून कित्येक शतके जुनी आहे, आणि तीत नॉर्स चाच्यांच्या आक्रमणाची छाया असावी, असे काही विद्वान म्हणतात. याखाली आणखी एक थर आहे. फ्रान्समधील लिओं शहराचे प्राचीन नाव लुग्दुनुम होते. त्यात याच देवाचे नाव असावे, असे बहुतेक विद्वान मानितात. याच कथेतील रुपेरी हाताचा राजा नुआदा याचे नाव नोदेन्स या देवाशी जुळते, आणि रोमन काळातील त्याचे देवालय इंग्लंडात लिडनी येथे उत्खननात सापडले आहे. म्हणजे नावे खरोखरच प्राचीन आहेत. द्वारपालाचा संवाद मात्र मध्ययुगीन कवीचा असू शकेल. प्रामाणिक साधक हे दोन्ही जाणून कथा सांगतो, आणि जाणल्याने तिची गोडी कमी झाल्याचे त्याच्या अनुभवास येत नाही.

हीच कसोटी उत्सवांस लावून पाहा. नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि ऑगस्ट या महिन्यांच्या आरंभीचे चार ऋतुसंधी जुन्या आयरिश ग्रंथांत आढळतात. कॅशेलचा राजा व बिशप कॉर्मक, जो ९०८ साली मरण पावला, त्याच्या नावाने चालणाऱ्या कोशात मे महिन्यातील उत्सवाचे वर्णन आहे. ड्रुइड दोन अग्नी पेटवीत आणि गुरांना रोगराई न व्हावी म्हणून त्यांमधून हाकीत. परंतु यांत अयनबिंदू व विषुवदिन मिळवून बनविलेले आठ सणांचे वर्षचक्र हे विसाव्या शतकाच्या मध्याचे आहे. न्यूग्रेंज येथील भव्य समाधीत हिवाळी अयनदिनाच्या सुमारास उगवत्या सूर्याचा किरण शिरतो, हे १९६७ साली मायकेल ओकेली या पुरातत्त्वज्ञाने प्रत्यक्ष पाहिले. पण ती वास्तू इ. स. पूर्वी ३२०० च्या सुमाराची, म्हणजे कोणत्याही ज्ञात ड्रुइडाहून फारच प्राचीन आहे. कथांनी तीत देवांना नंतर वसविले.

या सर्व उद्योगावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला विद्वानांचा : ही परंपरा नव्हेच, ही तर ग्रंथांवरून केलेली नवी रचना आहे. यास आजचा प्रामाणिक ड्रुइड होय म्हणतो. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. या कथा कोणा लुप्त जातीच्या नव्हेत. त्यांची भाषा बोलणारे लोक आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आजही आहेत. दुष्काळ, देशांतर आणि परकी सत्ता यांत त्यांनी कथा राखिल्या. १९३७ ते १९३९ या काळात तेथील सुमारे ५,००० शाळांतील ५०,००० हून अधिक मुलांनी वडीलधाऱ्या माणसांकडून कथा व चालीरीती उतरवून घेतल्या. तो संग्रह डब्लिनच्या विद्यापीठात जतन केला आहे. ब्रिगिड ही कॉर्मकच्या कोशात कवींची देवी आहे आणि किल्डेअरच्या मठात संत आहे. २०२३ सालापासून तिच्या नावाची राष्ट्रीय सुटी पाळली जाते. ज्या देशात देवी आणि संत एकाच नावात नांदतात, तेथील श्रद्धाळू ख्रिस्ती आजीला तिची ब्रिगिड चोरीची आहे असे परक्याने सांगावे, हे शोभत नाही. ज्यास या कथांपासून काही घ्यावयाचे आहे, त्याने थोडीतरी आयरिश भाषा शिकावी, आणि ज्यांनी कथा राखिल्या त्यांचे ऋण मानावे. त्या ऋणकोंच्या यादीत पहिले नाव ड्रुइडाचे नसून मठातील लेखकाचे यावयास हवे.

ड्रुइडपंथाच्या या इतिहासावरून मला जे दिसते ते असे. तुटलेली परंपरा वारसाहक्काने मिळत नाही, आणि ती गुप्तपणे आपल्यापर्यंत आलीच आहे असे म्हणणारा पुष्कळदा दुसरा इओलो असतो. ती मिळते, जर मिळालीच तर, श्रमाने. आणि जे मिळते ते जुन्याची प्रतिमूर्ती नसते. शेन्खानच्या शिष्याने समाधीपाशी बसून गाथा मिळविली, त्याआधी त्याच्या गुरूंनी ती आपणांस येत नाही हे कबूल केले होते. त्या कबुलीवाचून शोधास कोणी निघालेच नसते. आजच्या ड्रुइडांपैकी जे ही कबुली देऊन पोथी उघडितात, त्यांची साधना नवी असली तरी खोटी नाही. आणि लेन्स्टरच्या त्या अविश्वासू लेखकाने पाठ करणाऱ्यांस दिलेल्या आशीर्वादात त्यांचाही वाटा आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.